शांघायात काही विशेष नव्हतं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गुजराती मुलखातल्या आमच्या डिंडोलीत सगळ्यात आधी घागरी येतात. नवागामच्या रस्त्याला लाल मातीच्या घागरींच्या उतरंडी लागतात, शेजारी त्यांच्यावर ठेवायची छोटी मडकी, आणि विकणारी बाई उन्हाकडे पाठ करून पदराच्या सावलीत बसलेली. मागोमाग डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, गाड्या येतात. मग एखाद्या दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटर बाजूला सारून वरच्या लोखंडी अँगलला दोर बांधला जातो आणि कुणाची तरी माहेरी आलेली लेक झोक्यावर बसते. गुजराती वॉचमन दर वर्षी विचारतो, "आ कयो तहेवार छे, बेन?" आणि दर वर्षी त्याला कुणीतरी पुरणपोळी देऊन गप्प करतं. खानदेश सोडून आम्हाला दोन पिढ्या होत आल्या. पोरं आता घरातही गुजराती झाडतात. पण आखाजीला लेक सासरी राहिली तर अजून आम्हाला घास गोड लागत नाही.

मला मात्र गेली काही वर्षं आखाजी आली की शांघाय आठवतं. हसू नका. आठवण कशानं यावी हे काही माणसाच्या हातात नसतं. पाण्यानं पाझरलेली घागर दिसली की मला एका उंच इमारतीतली खोली दिसते, खिडकीखालून वाहणारी रुंद नदी दिसते, आणि लगोलग कान तापतात. लाज वाटली की माझे कान तापतात. शाळेत शिकवत होते तेव्हा पोरांनाही हे ठाऊक होतं.

सुनील माझा धाकटा भाऊ, आमच्याच सोसायटीत राहतो. आधी लूमवर कारीगर होता, पुढं हिमतीनं त्यानं साड्यांवर भरतकाम करणारी कॉम्प्युटर मशीनं घेतली आणि कडोदऱ्याला छोटा कारखाना टाकला. मशीनं विकणारे जिग्नेशभाई त्या वर्षी आपल्या गिऱ्हाइकांना शांघायला घेऊन निघाले. दिवसा मशीनचं प्रदर्शन बघायचं, बाकी वेळ मोठ्या हॉटेलात राजासारखं राहायचं, तेही जोडीनं. जोडीनं म्हणजे सुनील आणि रंजना. रंजना माझी भावजय. तिनं या सहलीसाठी पांढरे बूट आणले होते आणि ते लागू नयेत म्हणून रोज संध्याकाळी ती गच्चीवर ते घालून फेऱ्या मारायची. फोनवर शांघायचे व्हिडिओ बघायची आणि मला दाखवायची. "देखा आक्का, इमारती ढगमा जातीस." एरवी साडीचे तुकडे कापण्यात नि धागे खुडण्यात जन्म गेलेली बाई, पण त्या दिवसांत तिची मान जरा उंच असायची.

मग तारखा आल्या, आणि मधोमध आखाजी निघाली. रंजनाच्या पूनमचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं. म्हणजे लेकीची पहिली आखाजी. सगळ्यांनी समजावलं की पूनमला आठ दिवस उशिरा आणू, जावईबापूंना फोन करू, आता काय जुना जमाना राहिलाय का. रंजनानं एकच सांगितलं, "पहिली आखाजीले आंडेर दारमा उनी अन् माय घरमा नही, असं कोठे व्हस का?" आंडेर म्हणजे लेक. मग ती माझ्याकडे वळली. "आक्का, मन्हा जागावर तुम्ही जा. तुम्ही कोठे गयात कधी?"

मी कुठं जाणार? यजमान गेल्यापासून शाळा आणि घर, फार तर शेगाव. सुनीलनं हौसेनं तिघांचे पासपोर्ट एकदमच काढून ठेवले होते, त्यामुळे तीही सबब राहिली नाही. मी नाही म्हणाले. परत नाही म्हणाले. मग मात्र गप्प बसले, आणि आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. रंजनानं आपली भरलेली बॅग तशीच माझ्या हवाली केली. तिचे बूट मला अंगठ्यापाशी जरासे आवळायचे, पण मी ते घातले.

हॉटेलच्या दारातच पहिली फजिती. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस वाकून माझी बॅग घ्यायला आला. मी ती सोडेना. तो हसून ओढतोय, मी हसून ओढतेय. या ओढाताणीत रंजनानं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आत कुठंतरी कलंडली आणि त्या गुळगुळीत, अत्तराचा वास असलेल्या दालनात खानदेशी लसणाचा दरवळ सुटला. तो माणूस तसूभरही नाक न मुरडता बॅग घेऊन चालू लागला. मी त्याच्यामागून अपराध्यासारखी.

खोलीचं दार उघडलं तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून. टेबलावर बदामाच्या आकाराचा केक. मी आणि माझा धाकटा भाऊ, ज्याचा शेंबूड मी पुसलेला, दारात दगड होऊन उभे. सुनीलनं एक हंस उचलून झटक्यात उलगडला आणि घडी करून ठेवला, जणू तेवढ्यानं काम भागणार होतं. मी जिग्नेशभाईंना फोन लावला तर ते खूश. "अरे बेन, कपल पॅकेज छे ने! फ्रीमां अपग्रेड थयुं!" सुनील तडक आमच्यातल्या, एकट्याच आलेल्या एका काठेवाडी कारखानदाराच्या खोलीत झोपायला गेला, आणि ती एवढी मोठी खोली माझ्या एकटीच्या वाट्याला आली.

ही गोष्ट आजही घरात हसून हसून सांगितली जाते. पण पुढं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं मी दार लावलं आणि एकटी उभी राहिले.

आम्ही गावाहून पहिल्यांदा नवागामला आलो तेव्हा एका खोलीत आमचं घर आणि लूमवरचे गावकरी मिळून राहायचो. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे येऊन त्याच गादीवर पडायचे. गादी कधी थंड झालेली मला आठवत नाही. मी पायरीवर बसून अभ्यास केला आणि पायरीवर बसूनच मास्तरीण झाले. पुढं सासर, मग सून-नातवंडं. सगळी माणसं चांगली, तक्रार नाही. पण जिथं दार लावलं तर पलीकडून कुणी हाक मारणार नाही, अशी खोली माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. आणि तिथं तर बटण दाबलं की पडदा आपोआप सरकायचा नि समोर अख्खी नदी. मी तो पडदा किती वेळा उघडला आणि मिटला! मग पाकळ्या गोळा करून बशीत ठेवल्या आणि पलंगावर आडवी, म्हणजे खरोखर आडवी, कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपले.

न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता. पोटऱ्यांपर्यंत लुगडं खोचून दोन तांब्यांत अंघोळ उरकणारी मी, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले. सांध्यांतून काहीतरी सुटत गेलं. तेव्हा मला रंजना आठवली. ही जागा तिची, हे पाणी तिचं, हे लख्ख समजलं. आणि तरीही मी नळ बंद केला नाही.

शहर कसं होतं? रस्त्याला दुतर्फा मोठी झाडं, आणि त्या दिवसांत त्यांची भुरी लव हवेत उडत होती, लूमखात्यात उडते तशी. आमच्यातल्या एकानं सवयीनं नाकाला रुमाल लावला. गाड्या आवाज न करता येऊन शेजारी उभ्या राहायच्या आणि आम्ही दचकायचो. हॉटेलात पाण्याची बाटली मागवली तर कमरेएवढं एक यंत्र स्वतः लिफ्टमधून वर आलं. त्यानं काहीतरी मंजुळ बोलून पोटाचं झाकण उघडलं. मी बाटली घेतली आणि त्याला म्हणाले, "बस बाबा, दमला असशील." संध्याकाळी नावेतून फिरताना बघितलं, तर इमारतींचे शेंडे खरोखरच ढगात गेले होते. रंजना म्हणाली होती अगदी तसे.

आमच्या गुजराती मंडळींनी बरोबर महाराज आणला होता. तो दोन्ही वेळा खिचडी-कढी रांधायचा, आणि ती खाताना सगळे एकमेकांना सांगायचे की इथं खाण्याचे फार हाल आहेत. मीही मान डोलवायची. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी खाली जाऊन मी वाफेवरचे पांढरे गोळे खायची. आत पालेभाजी भरलेली, भोवती कापसासारखं मऊ आवरण. वाढणारी बाई मला ओळखू लागली होती. मी दिसले की ती टोपलीचं झाकण उचलायची आणि वाफेआडून हसायची. दिवसभरात मला मिळणाऱ्या सुखांची अशी चोरटी रांग लागली होती.

आखाजीच्या दिवशी सुनीलच्या फोनवर घरून व्हिडिओ कॉल आला. पितरांच्या नावानं घागर भरून झाली होती. पूनम झोक्यावर, हिरव्या साडीत. मागून कुणीतरी गाणं म्हणत होतं. रंजना घामानं डबडबलेली, कपाळाला पुरणाचं बोट लागलेलं. "आक्का, खिडकीमाईन काय दिखस? दखाडा ना मले." मी खिडकीतच उभी होते. खाली नदी, पलीकडे सोन्यासारखं चमकणारं शहर. फोन नुसता उलटा करायचा होता. माझा हात उचलेना. तिच्या कपाळावरचं ते पुरण बघून मला वाटलं, हे हिला आत्ता दाखवणं म्हणजे उपाशी माणसापुढं बसून जेवणं. मी पडद्याचं बटण दाबलं. "काही नाही गं," मी म्हणाले, "समोर दुसरी बिल्डिंग आहे, भिंतच दिसते."

त्याच संध्याकाळी मी हॉटेलाजवळच्या बागेत गेले. तिथं माझ्या वयाच्या बायका रांगा करून नाचत होत्या. डब्यासारखा एक स्पीकर, त्यावर ठेक्याचं गाणं, आणि कुणी स्वयंपाकाच्या तर कुणी बाजारच्या कपड्यांत. मी कडेला उभी राहिले. एका बाईनं बघितलं, काही न बोलता माझा हात धरला आणि रांगेत ओढलं. लग्नाआधी आखाजीला गावी फुगड्या घालायचे, त्यानंतर माझ्या पायांनी ठेका धरला नव्हता. सेवानिवृत्त शिक्षिका, विधवा, नातवंडांची आजी, मी शांघायच्या बागेत रंजनाचे बूट घालून नाचले. चांगली घामाघूम होईपर्यंत नाचले. माझ्या जन्मातली ती सगळ्यात सुखाची आखाजी होती आणि त्या दिवशी मी माझ्या माणसांत नव्हते.

परत आलो तेव्हा रंजनानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "कसं व्हतं?"

आता आमची एक रीत आहे. कुठूनही परत आलेल्या माणसानं मजा आली असं म्हणायचं नाही. लग्नाहून आलेली बाई आधी सांगते की जेवणात काही राम नव्हता. यात्रेहून आलेला सांगतो, गर्दी फार, पाय मोडले. निम्मं दृष्ट लागू नये म्हणून, आणि निम्मं जो घरी राहिला त्याच्या जिवाला लागू नये म्हणून. घरी राहिलेल्यालाही हे कळतं, तो त्यातलं निम्मंच धरतो आणि सगळ्यांची सोय होते. मीही तेच केलं. "काही विशेष नाही गं," मी म्हणाले. "आपला अडाजणचा रस्ता जरा रुंद कर, झालं शांघाय." अडाजण म्हणजे आमच्याच शहराचा तापीपलीकडचा भाग. रंजना खळखळून हसली, आणि मला हायसं वाटलं.

पण तिनं निम्मं धरलं नाही, सगळंच्या सगळं धरलं. फोनवरचे व्हिडिओ खोटे असतील, मास्तरीणबाई खोटं कशाला सांगतील? तिनं पुन्हा विचारलं की मी पुन्हा एखादी वीट रचायची. हॉटेल म्हणजे आपल्या रिंगरोडचं लॉज, वर फक्त टॉवेलांचे हंस. नदी म्हणजे तापीच, फक्त जास्त गढूळ. हळूहळू आमच्या घरात ती म्हणच झाली. कुणी दुबईचे फोटो दाखवून मिरवू लागलं की रंजना ऐटीत म्हणायची, "जाऊ द्या वं माय, चीनमा काय शे? अडाजण." नवागामच्या बायकांत तिनं हे इतक्यांदा सांगितलं की तिचा त्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. पांढरे बूट तिनं नंतर कारखान्यातल्या एका बाईला देऊन टाकले.

मधे रोगाची साथ आली, मग विमानंच बंद झाली. आता पुन्हा सुरू झालीत. सुनील यंदा कारखाना आवरतोय, डोळे साथ देत नाहीत. जिग्नेशभाईंनी जुन्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून त्याला शेवटचं बोलावलंय, आखाजी झाली की लगेच, शांघायला, जोडीनं. यापुढं आम्हाला तिथं कोण नेणार? सुनीलनं रंजनाचं नाव द्यायचं ठरवलं तर ती सरळ नाही म्हणाली. "आक्काले इचारा ना. तठे काय शे? उगाच पाय दुखाडाले. त्यापेक्षा घरमा एसी बसाडा." सुनील माझ्याकडे बघत राहिला. त्यानं नदी बघितली होती. त्यानंही इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं, कारण बहिणीला खोटं पाडायचं कसं? माझ्या एका गोड थापेपायी एका बाईची जन्मातली एकुलती एक सहल जाणार, हे त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला उमजलं आणि झोप उडाली.

परवा सकाळी आम्ही दोघी गच्चीवर बिबड्या घालत होतो. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, उन्हाळ्यातलं आमचं वाळवण. कारखान्यातल्या डागी साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर रंजना ओल्या हातानं गोल थापत चालली होती. तिचा हात फार सफाईचा आहे. मी तिच्या मागून पिठाचं पातेलं सरकवत होते.

"रंजना, मी तुला खोटं सांगितलं," मी म्हणाले. "शांघाय अडाजणसारखं नाही."

"मंग कसं शे?" तिनं मान वर केली नाही.

"फार सुंदर आहे."

आणि मी सगळं सांगून टाकलं. खोली, पडदा, गळ्यापर्यंतचं पाणी, वाफेवरचे गोळे. आखाजीच्या दिवशी फोनवर भिंत नव्हती, नदी होती, हेही. बागेतलं नाचणंही सांगितलं. मला वाटत होतं, तिला माझ्या सुखाचा राग येईल. खरं तर तो यावा अशीच माझी इच्छा होती. मग तिची समजूत घालता आली असती.

तिचा हात थांबला. बोटांवरचं पीठ उन्हात सुकायला लागलं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"वाटनं असतं ना वाईट," ती म्हणाली. "दोन दिन रडनी असती. पन मीच दिधेल व्हतं ना ते? आक्का, इतला वरीस मले वाटे, मी तुमले रिकामं ताट दिधं, अन् तुम्ही बिचाऱ्या गोड मानी लिधं. मी इतलं मोठं काही दिधं, हाई तुम्ही मले कधी समजूच दिधं नही."

तिच्या जागी गेले, तिचे बूट घातले, तिच्या पाण्यात बसले, या सगळ्याची लाज मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि ती चुकीच्या जागी होती. ते सगळं तिनं आपखुशीनं दिलं होतं. तिचं देणं मोठं होतं. मीच ते दारात उभ्या उभ्या कवडीमोल करून टाकलं, आणि तिला त्यावर हसायला लावलं. वर दर वर्षी तिच्या हातची पुरणपोळी खाल्ली.

रंजना उठली. जिन्याशी जाऊन खाली ओरडली, "ओ, मन्हं नाव दी द्या त्या जिग्नेशभाऊले." मग परत येऊन साडीच्या काठाशी बसली. पुढची बिबडी थापायला घेतली, आणि तशीच थांबली.

"आक्का, त्या बाया," ती म्हणाली. "मी उनी असती तं, मन्हा बी हात धरा असता का त्यास्नी?"

इतकी वर्षं तिच्याशी मी शाळेतलं मराठी बोलत आलेय. "धरा असता, माय," मी म्हणाले, आणि पातेलं सरकवायचं निमित्त करून मान खाली घातली.